‘युद्धापूर्वीचा गिब्सन डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्यांना

अमेरिकेतल्या हौशी बँजोवादकांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा गिब्सन कंपनीचा बँजो दिसला की डोळे झाकून घ्यायचा. आत ‘मास्टरटोन’चं लेबल आणि नंबर असला म्हणजे तो अस्सल. मान (तारांचा दांडा) बदललेली असेल तर हात लावायचा नाही. फ्लॅटहेड टोन रिंग (कातड्याखालची सपाट माथ्याची धातूची कडी) नसेल तर तो ब्लूग्रासचा, म्हणजे तिकडच्या त्या वेगवान लोकसंगीताचा, बँजोच नव्हे. आणि आवाज सगळा त्या जुन्या मुरलेल्या धातूत असतो, घोडी-बिडी (तारांखालची लाकडी पट्टी) किरकोळ. (आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो यात धरू नका, ते बटणांचं वाद्य बुलबुलतरंगाच्या घराण्यातलं.) प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच हा सल्ला खपतो आणि लोक हजारो डॉलर घालवून बसतात.

पहिलं ‘डोळे झाकून’. मिशिगनमधल्या कॅलामझूच्या कारखान्यात गिब्सन त्या काळी महागाचेही बँजो बनवत होती आणि स्वस्तातलेही. मास्टरटोन ही वरची पायरी: मेपलच्या थरांची जाड रिम (लाकडी गोल कडं) आणि तिच्यावर ओतीव टोन रिंग. खाली स्टाइल १, ११, ००. यांच्यात ओतीव रिंग नाही, नुसती पितळी कडी. स्टाइल ११ लांबूनही ओळखू येतो, कारण त्याच्या फिंगरबोर्डवर (मानेवरची बोटं ठेवायची पट्टी) आणि पेगहेडवर (खुंट्यांचं टोक) मोत्यासारखं चमकणारं प्लास्टिक असतं. हे सगळे ‘युद्धापूर्वीचे गिब्सन’च. वाईट नाहीत, पण ज्या आवाजासाठी तुम्ही पैसे मोजताय तो त्यांच्यात मुळातून नाही. नंतर कुणीतरी रिम लेथवर चढवून, कापून, त्यात बाहेरची फ्लॅटहेड रिंग बसवलेली असते. असा बँजो छान वाजू शकतो. तो मास्टरटोनच्या भावात विकला जातो, तिथे माझी हरकत आहे.

आता लेबल आणि नंबर. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त फसवणूक होते. लेबलाच्या हुबेहूब नकला विकत मिळतात. चिकटवायला पाच मिनिटं लागतात. नंबराचं म्हणाल तर गिब्सनचा तो आकडा म्हणजे कारखान्यातल्या एका लॉटचा नंबर आणि पुढे आडव्या रेघेनंतर त्या लॉटमधलं कितवं वाद्य ते. ब्लूग्रासचा नामवंत बँजोवादक अर्ल स्क्रग्ज याच्या प्रसिद्ध ग्रॅनाडाचा (मास्टरटोनमधलंच एक मॉडेल) नंबर ९५८४-३ असा आहे. त्यावरून साल अंदाजे कळतं, एवढंच. १९२९ नंतर मंदी आली, बँजोची मागणी आटली, आणि तयार भाग कारखान्यात पडून राहिले. पुढे तीसच्या दशकाच्या अखेरीला हेच उरलेसुरले भाग जुळवून वाद्यं बाहेर पडली. कॅटलॉगात न बसणारी अशी काही खरी वाद्यं आहेत, आणि कॅटलॉगाबरहुकूम दिसणारी काही बनावटही.

म्हणून बँजो हातात आला की आधी वाजवू नका. मागचे चार अंगठास्क्रू सोडा आणि रेझोनेटर (मागची लाकडी वाटी) काढा. टॉर्च घ्या. रिमच्या आतला नंबर आणि रेझोनेटरच्या आतला नंबर जुळतो का बघा. जुळला नाही तर लगेच लबाडी समजू नका, पण भाव खाली यायला हवा. रिमचे थर कुठे सुटलेत का, टोन रिंगखाली लाकडावर ताजी कापल्याची खूण आहे का, नव्वद वर्षांच्या काळपट लाकडात एखादी पट्टी गोरीपान का दिसते, हे सगळं तिथेच कळतं.

मग बँजो डोळ्यासमोर आडवा धरून फ्लँजकडे, म्हणजे रिमभोवतीच्या धातूच्या झालरीकडे, बघा. १९३० च्या आसपास गिब्सनने एकसंध फ्लँज आणला. तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग. कातडं ताणून धरणारे हूक त्याला सतत वर ओढत असतात. दशकानुदशकांच्या ओढीने तो हुकांच्या भोकांपाशी वर उचलला जातो, कधी तडकतोही. सरळ कडेऐवजी लाटा दिसल्या की समजा. मूळ फ्लँज तडकलेला असेल तर दुरुस्ती जवळपास अशक्य, बदलावाच लागतो, आणि बदलला की ‘ऑल ओरिजिनल’ संपलं. याबद्दल फिरत्या सल्ल्यात चकार शब्द नाही. रिम आणि मान जोडणाऱ्या आतल्या दोन कोऑर्डिनेटर रॉडच्या नटांवर पान्याचे ओरखडे असतील तर कुणीतरी तारांची उंची कमी करायला रॉड करकचून पिळलेत. त्याने रिम वेडीवाकडी होते. मानेचा कोन नीट बसवायचं खरं काम टाळलेलं असतं.

मान बदललेली नको, हा सल्ला संग्राहकाला ठीक आहे. वाजवणाऱ्याला तो उलटा सांगायला हवा. १९२० आणि १९३० च्या दशकांत मागणी होती नाचाच्या बँडमधल्या चार तारांच्या टेनर बँजोला. पाच तारांचे मास्टरटोन फार थोडे बनले. त्यांचं सोनं झालं ते १९४५ च्या डिसेंबरात स्क्रग्ज ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोच्या बँडमध्ये आल्यानंतर. आज मूळ पाच तारांच्या फ्लॅटहेड ग्रॅनाडाची किंमत एक लाख डॉलरच्या पलीकडे जाते. तोच पॉट (मानेखालचा गोल भाग) असलेला टेनर, चांगल्या कारागिराने केलेली पाच तारांची मान बसवून, त्याच्या काही हिश्श्यात मिळतो. रिम तीच, रिंग तीच, फ्लँज तोच. फक्त विकणाऱ्याने मूळ टेनर मान सोबत द्यायला हवी, आणि बिलावर ‘मान नवी’ असं लिहून द्यायला हवं. आणि मूळ भागांचं एवढं सोवळं पाळणाऱ्यांना आठवण करून देतो की तारा वाजवताना खालीवर करण्यासाठी स्क्रग्जने स्वतःच्या बँजोच्या पेगहेडला जादा खुंट्या जोडल्या होत्या.

फ्लॅटहेडचा मुद्दा दोन ओळींत संपतो. व्हर्जिनियाचे ब्लूग्रास बँजोवादक राल्फ स्टॅन्ले आयुष्यभर ज्या कणखर, टोकदार आवाजासाठी ओळखले गेले तो आर्चटॉपचा, म्हणजे उंचवटा असलेल्या टोन रिंगचा. तो ब्लूग्रास नव्हे असं व्हर्जिनियात म्हणून बघा.

राहिला मुरलेला धातू. टोन रिंगचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो, मिश्रणाचं प्रमाण आवाजावर परिणाम करतं, हे मान्य. पण ज्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर आपण भाळतो ती वासराच्या कातड्यावर वाजवलेली आहेत. प्लास्टिकचं हेड (कातड्याच्या जागचा पडदा) पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं आणि आज जवळपास सगळ्या जुन्या बँजोंवर तेच आहे. म्हणजे ‘तोच आवाज’ मुळात तो राहिलेला नाही. दुकानात एक करून बघा: पाठीमागे एका खुंटीवर टांगलेला साधा नवा बँजो घ्या, हेड सगळीकडून सारखं थोडं ताणून घ्या, मेपलची हलकी घोडी बसवा, टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) जरा खाली आणा. आवाज इतका बदलतो की ऐकणारा वाद्य बदललं म्हणेल. सैल हेडचा खरा ग्रॅनाडा डबा वाजवल्यासारखा वाजतो, आणि असे सैल ठेवलेले महागडे बँजो शोकेसमध्ये भरपूर असतात. त्यामुळे दुकानात आवाज आवडला नाही म्हणून चांगला पॉट सोडू नका, आणि आवडला म्हणून खराब फ्लँज घेऊ नका.

भारतात आणायचा विचार असेल तर एक गोष्ट आणखी. त्या काळच्या कित्येक फिंगरबोर्डांचं लाकूड ब्राझिलियन रोजवुड आहे, आणि १९९२ पासून ते साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय देशाची सीमा ओलांडता येत नाही. मान बदललेली असेल तर नव्या मानेचं लाकूड कोणतं हेही विचारा. परवान्याचा कागद पैसे पाठवायच्या आधी मागायचा, नंतर विक्रेत्याला घाई नसते.