सेंट्स न्यू ऑर्लिन्सलाच राहिले, पण मालकामुळे?

एका भल्या मालकाची गोष्ट दर काही महिन्यांनी कुठून ना कुठून फिरत येते. २००५ साली कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडालं. तिथल्या सेंट्स या अमेरिकी फुटबॉल संघाचा मालक टॉम बेन्सन याच्यासाठी दुसऱ्या शहराने पायघड्या घातल्या. त्याने त्या झिडकारल्या, पदरचे पैसे घालून स्टेडियम दुरुस्त केलं, संघ घरी आणला, पुढे संघ विजेता झाला आणि शहर पुन्हा उभं राहिलं. तात्पर्य काय, तर संकटात साथ सोडू नये.

तात्पर्याशी माझं भांडण नाही. गोष्टीशी आहे.

पायघड्यांपासून सुरुवात करू. त्या टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहराने घातल्या होत्या, हे खरं. पण बेन्सनने त्या झिडकारल्या म्हणायचं तर तो आधी त्यांच्यावरून बराच आत चालून गेला होता, हेही सांगायला हवं. माणूस जन्माने न्यू ऑर्लिन्सचा, पण त्याचा मोटारविक्रीचा धंदा सॅन अँटोनियोतही होता. वादळानंतर संघाचं बिऱ्हाड तिथेच हललं. यात गैर काहीच नव्हतं. सुपरडोमचं, म्हणजे संघाच्या घरच्या स्टेडियमचं, छप्पर फाटलेलं, आत हजारो लोकांनी हाल काढलेले, शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली. सराव कुठेतरी करायलाच हवा होता. त्या मोसमातला पहिला ‘घरचा’ सामना तर न्यूयॉर्क जायंट्सच्याच मैदानावर, जायंट्सशीच खेळावा लागला. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्यालाच पाहुणा म्हणायचं! उरलेल्यांपैकी तीन सामने सॅन अँटोनियोत झाले आणि चार बॅटन रूजला, म्हणजे निदान न्यू ऑर्लिन्सच्याच लुईझियाना राज्यात.

खटकतं ते पुढचं. ऑक्टोबरमध्ये बेन्सनने आपला वरिष्ठ अधिकारी अर्नी फील्को याला काढून टाकलं. सामने लुईझियानात व्हावेत, अशा मताचा हा माणूस. त्याच सुमारास सॅन अँटोनियोचा महापौर फिल हार्डबर्गर संघ कायमचा आमच्याकडे यावा असं उघडपणे बोलत होता, आणि बेन्सन धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. न्यू ऑर्लिन्सचा महापौर रे नेगिन इतका चिडला की आम्हाला संघ हवाय, मालक परत नाही आला तरी चालेल, अशा अर्थाचं जाहीरपणे बोलून गेला. ऑक्टोबरअखेरीस बॅटन रूजच्या सामन्यानंतर बेन्सनची एका टीव्ही कॅमेरावाल्याशी झटापट झाली. मग त्याने लीगच्या, म्हणजे हे सगळे संघ जिच्यात खेळतात त्या एनएफएलच्या, आयुक्ताला कळवून टाकलं, की तिथल्या सामन्यांना मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. साथ न सोडणाऱ्या मालकाचं हे चित्र फिरणाऱ्या गोष्टीत का येत नाही, ते उघड आहे.

फील्को पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभा राहिला, तेही साऱ्या शहराने मत द्यायच्या जागेवर. निवडून आला.

मग संघ टिकला कुणामुळे? तिकडे संघ मालकाचा असला तरी गाव बदलणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. ३२ पैकी २४ संघांची मतं लागतात. आणि आयुक्त पॉल टॅग्लिआबूला, बुडालेल्या शहरातून संघ उचलून नेणारी लीग म्हणून नाव कमवायचं नव्हतं. तो स्वतः लुईझियानात येऊन गव्हर्नर कॅथलीन ब्लँको आणि बेन्सन यांच्याशी बोलला आणि २००६ चा मोसम न्यू ऑर्लिन्समध्येच होईल हे पक्कं होईपर्यंत मागे लागला. बेन्सन राहिला, पण त्याला राहणं भाग पाडलं गेलं, असंच मी म्हणेन.

पदरच्या पैशांचा मुद्दा फार वेळ घेणार नाही. सुपरडोम बेन्सनचा नव्हताच, तो राज्याच्या मालकीचा. दुरुस्तीला सुमारे १८.५ कोटी डॉलर लागले. त्यातले ११.५ कोटी केंद्राच्या आपत्ती यंत्रणेचे, दीड कोटी लीगचे आणि बाकीचे राज्य व स्टेडियम मंडळाच्या रोख्यांतून आले. म्हणजे बहुतांश करदात्याचे. उलट २००१ पासून संघाने गाव सोडू नये म्हणून राज्यच बेन्सनला पैसे मोजत होतं. दहा वर्षांचा तो करार सुमारे १८.६ कोटींचा होता!

बेन्सनला निव्वळ खलनायक ठरवणंही मला पटत नाही. छोट्या बाजारपेठेतला संघ, स्टेडियम मोडलेलं, तिकीट घेणारे लोक देशोधडीला लागलेले. अशा वेळी कुठलाही हिशेबी माणूस दुसरा दरवाजा किलकिला ठेवणारच. आणि त्याच माणसाने २०१२ मध्ये ३३.८ कोटी डॉलर मोजून शहराचा बास्केटबॉल संघ हॉर्नेट्स विकत घेतला, तेव्हा तो संघ गावातच राहील याची खात्री झाली. याच हॉर्नेट्सना कतरिनानंतर दोन मोसम ओक्लाहोमा सिटीत काढावे लागले होते. ते परतले, पण ओक्लाहोमा सिटीला चटक लागली आणि २००८ मध्ये तिने सिएटलचा संघ नेला. सॅन अँटोनियोची आशा काही हवेतली नव्हती.

आता या गोष्टीतला जो भाग खरा आहे, त्याचं श्रेयही चुकीच्या माणसाला जातं. २००६ मध्ये शहरात पूर्वीच्या निम्मीही माणसं नव्हती. कित्येकांच्या घरांना भिंतीच होत्या, आत काही नाही. तरीही त्या वर्षी संघाच्या इतिहासात प्रथमच मोसमाची सगळी तिकिटं आगाऊ खपली. २५ सप्टेंबरला अटलांटा फाल्कन्सविरुद्ध सुपरडोम पुन्हा उघडला. दीड मिनिट होत नाही तोच स्टीव्ह ग्लीसनने झेप घेऊन प्रतिस्पर्ध्याची किक हातांनी अडवली, कर्टिस डेलोचने चेंडूवर पडून गुण मिळवले, आणि जे काही झालं ते पाहताना आजही अंगावर काटा येतो. सामना २३-३ असा जिंकला. ती रात्र मालकाची नव्हती, तिकीट काढून आलेल्यांची होती.

राहता राहिलं ते शहर उभं राहणं. सेंट्सनी फेब्रुवारी २०१० मध्ये कोल्ट्सना ३१-१७ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याच वर्षीच्या जनगणनेत न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ३,४३,८२९ भरली. २००० साली ती ४,८४,६७४ होती. सुपरडोम वादळानंतर तेरा महिन्यांच्या आत झगमगू लागला. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर चॅरिटी हॉस्पिटल होतं, गावातल्या गरिबांचं. ते पुन्हा उघडलंच नाही. त्याच्याऐवजी बांधलेलं नवं हॉस्पिटल सुरू व्हायला २०१५ उजाडलं.