‘आमच्या गाळ्यात चोरण्यासारखं आहे काय?’ : फिरत असलेल्या एका संदेशाला उत्तर

व्यापाऱ्यांच्या आणि गाळेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. मला तो तीन ग्राहकांनी पाठवला: एक मशीद बंदरचे, एक दादरचे, एक अंधेरी एमआयडीसीतले. तिघांनीही खाली एकच प्रश्न लिहिला होता, ‘हे खरं आहे का?’ मी गेली अठरा वर्षं मुंबईतल्या लहान ऑफिसांची कॉम्प्युटर आणि सर्व्हरची देखभाल करतो. तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं : दहा-बारा माणसांच्या धंद्याला सायबर सुरक्षेची गरज नाही, तो आयटीवाल्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. हॅकर बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या मागे असतात. अँटीव्हायरस टाका, डेटा गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवा, एक हार्ड डिस्क कायम जोडून ठेवा, वेबसाइट आणि ईमेल बनवणाऱ्यावर सोपवून मोकळे व्हा. एवढं करूनही हॅकरनं फाइली कुलूपबंद केल्याच, तर पैसे भरून त्या सोडवून घ्या. पोलिसांत जाऊन बाजारात नाव घालवू नका.

यातला राग मला समजतो. आमच्या धंद्यात भीती दाखवून माल खपवणारे आहेत. सहा कॉम्प्युटरच्या ऑफिसात बँकेला शोभेल असा महागडा फायरवॉल बसवून गेलेले आणि नंतर त्याचा पासवर्डही न दिलेले लोक मी पाहिले आहेत. पण त्या रागापोटी दिलेला हा सल्ला धंदा बुडवणारा आहे. मुद्दे एकेक करून घेतो.

पहिला मुद्दा, ‘आपल्यामागे कोण लागतंय?’

हल्ला करणारा तुमचं नाव वाचून येत नाही, हेच या मुद्द्यात लक्षात घेतलेलं नाही. त्याचं यंत्र इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपत जातं आणि जिथे दार उघडं दिसेल तिथे पासवर्ड लावून पाहतं. मुंबईच्या लहान ऑफिसांत हे दार बहुतेक वेळा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी उघडलेलं असतं. अकाउंटंट डोंबिवलीत किंवा विरारला राहतो, लोकलचा प्रवास वाचावा म्हणून घरून एंट्री करतो. मग कोणीतरी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेऊन देतो, राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दुरून मशीन चालवण्याच्या सोयीचं) ३३८९ नंबरचं पोर्ट उघडतो आणि काम झालं म्हणून निघून जातो. तुमच्याकडे अशी सोय असेल तर त्या मशीनवर विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५ हा क्रमांक शोधा. फसलेल्या लॉगिनची ती नोंद असते. मी ज्या ज्या ऑफिसात ही यादी मालकाला दाखवली, तिथे रात्री दोन-तीन वाजताच्या शेकडो नोंदी निघाल्या. त्या वेळी ऑफिसात कोणीच नव्हतं. पोर्टचा नंबर बदलल्यानं ही चाचपणी थोडी कमी होते, थांबत नाही. ते पोर्ट बंदच करायचं, घरून काम करणाऱ्याला व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसापर्यंतच्या खाजगी बंद वाटेनं, आत घ्यायचं आणि पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरचा कोड ठेवायचा. बऱ्याच राउटरमध्ये व्हीपीएनची सोय आधीपासून असते, ती फक्त चालू करावी लागते.

आणि समजा, तुमच्यावर खरोखर कोणाचाही डोळा नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. तो युक्रेनवर सोडला होता. शिरला कुठून, तर तिथे कराच्या हिशेबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीवर तो रोखलेला नव्हता, तरी तिचं जगभरातलं काम ठप्प झालं. त्यात आपल्या न्हावा शेवा बंदरातलं, त्याच समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनलही होतं. ज्यांचे कंटेनर तिथे अडकले, त्यांत मुंबईतले लहान आयातदारही होते. त्यांच्या ऑफिसातला एकही कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, तरी माल हलत नव्हता. मर्स्कनं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचं सांगितलं. ‘मी लहान आहे’ ही ढाल नव्हे, हे त्या आठवड्यात बंदरावर दिसलं होतं.

दुसरा, ‘अँटीव्हायरस आहे ना!’

यावर थोडक्यातच लिहितो. अँटीव्हायरस हवाच. पण जो माणूस चोरलेल्या पासवर्डानं रीतसर लॉगिन करून आत येतो, तो सगळ्यात आधी अँटीव्हायरसच बंद करतो. दुसरी गोष्ट अपडेटची. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते दोन महिने टाळलं, त्यांच्या मशीनवर तो सहज गेला. विंडोज १० ला मिळणारी मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीच्या मुदतीप्रमाणे संपली, आणि आजही गाळ्यागाळ्यांत त्यावरच बिलं फाडली जात आहेत. अँटीव्हायरसचं वार्षिक नूतनीकरण आठवणीनं करणारे मालक याबद्दल कधीच विचारत नाहीत.

तिसरा मुद्दा, ‘हार्ड डिस्क जोडून ठेवा, डेटा ड्राइव्हवर टाका’. या संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य मला हेच वाटतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

अंधेरीच्या ज्या ग्राहकांनी मला हा संदेश पाठवला, त्यांचीच गोष्ट त्यांना विचारून लिहितो. चार वर्षांपूर्वी, मी त्यांच्याकडे जायला लागलो त्याच्या आधी, एका सोमवारी सकाळी त्यांच्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली होती आणि डेस्कटॉपवर पैशांची मागणी करणारी एक फाइल पडलेली होती. डिस्क होती, रोज रात्री त्यावर कॉपीही पडत होती. पण डिस्क कायम जोडलेली, म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं तो आणखी एक ड्राइव्ह. व्हायरसनं सर्व्हरबरोबर तीही कुलूपबंद केली. ऑनलाइन ड्राइव्ह मशीनशी सिंक केलेला होता, म्हणून बिघडलेल्या फाइली इमानदारीनं वरही गेल्या. गूगल ड्राइव्हवर जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात, पण हे त्यांना माहीत नव्हतं. ज्याच्या खात्यावरून तो ड्राइव्ह चालू होता तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. शेवटी सीएच्या ऑफिसात मार्चअखेरीची कॉपी सापडली. पुढची सात महिन्यांची बिलं दोन मुलींनी कागदावरून परत टॅलीत चढवली. तीन आठवडे लागले. त्या काळात कोणाकडून किती येणं आहे, हे मालकांना सांगता येत नव्हतं, आणि ज्यांच्याकडून येणं होतं त्यांनीही स्वतःहून सांगितलं नाही.

मर्स्कचंही असंच झालं होतं. त्यांच्या संपूर्ण जाळ्याची ओळखपाळख ठेवणारे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असल्यानं एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता. तेवढ्या एका सर्व्हरवरून त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं. वायर काढून ठेवलेली डिस्क वाचते ती याच कारणानं. दोन डिस्क घ्या. एक जोडलेली, एक मालकाच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल.

घरीच का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कालिना, साकीनाका पट्ट्यातल्या तळमजल्यांवर टेबलाखालचा सीपीयू आणि कपाटाच्या खालच्या खणातली बॅकअपची सीडी एकाच पाण्यात बुडाली. ज्यांनी तो दिवस पाहिला आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

मग क्लाउडच घ्यावा का? जरूर घ्यावा. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला कॉम्प्युटर. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळालं. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता ते सावरले. ज्यांनी तो त्याच आवारात ठेवला होता त्यांतल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या एका कंपनीच्या ॲमेझॉन खात्यात कोणीतरी शिरलं आणि सर्व्हर, बॅकअप सगळंच पुसत गेलं. कंपनी बंद पडली. ॲमेझॉनचे सर्व्हर तेव्हा ठणठणीत होते, चाव्यांचा जुडगा तेवढा चोराच्या हाती लागला होता. इमारत, वीज, यंत्रं क्लाउडवाला सांभाळतो. कोणाला आत घ्यायचं, कोणता पासवर्ड, कॉपी कुठे, हे तुमच्याच गळ्यात राहतं, आणि त्यांच्या करारातही तसंच लिहिलेलं असतं.

बॅकअपबद्दल अजून एक, आणि हे मी प्रत्येक मालकाला हात जोडून सांगतो. कॉपी पडते आहे आणि कॉपी उघडते आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं थकव्यात चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते, एकही नीट उपयोगी पडला नाही. एक तर कितीतरी दिवस फसत होता आणि तशी सूचना देणारे ईमेलच पोचत नव्हते. योगायोगानं सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत निघाली म्हणून ते वाचले. हा व्यवसायच सॉफ्टवेअरचा असलेल्या लोकांचा अनुभव. आपण रात्री शटर ओढल्यावर कुलूप एकदा खेचून बघतोच ना? कुलूप लावणारा कितीही विश्वासाचा असो.

चौथा, होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट आणि ईमेल दुसऱ्यावर सोपवून मोकळं होण्याचा. दादरच्या ग्राहकांचं डोमेन (वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव) वेबसाइट बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. त्याचा नंबर बदलला, मुदत संपल्याची सूचना त्यालाच जात राहिली, आणि एका गुरुवारी वेबसाइटबरोबर सगळ्यांचे ईमेलही बंद झाले, कारण ईमेलचा पत्ताही त्याच डोमेनवर. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली तरी सोडवून घेण्याचा काही काळ मिळतो, म्हणून ते परत आलं. पण तोवर दोन टेंडरची उत्तरं परत गेली होती. त्यामुळे आजच तपासा : डोमेन कोणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं बिल कोणाच्या कार्डावर जातं, मुख्य लॉगिन कोणाच्या मोबाइलला जोडलेलं आहे. तिन्ही उत्तरं ‘मालक’ अशीच यायला हवीत. काम कोणीही करो, सातबारा आपल्या नावावर असतो, तसंच हे.

शेवटचा मुद्दा : ‘पैसे भरा आणि गप्प बसा’. नॉटपेट्यानं पडद्यावर खंडणी मागितली होती, काहींनी भरलीही. पण त्या फाइली सोडवण्याची सोय त्या व्हायरसमध्ये मुळात नव्हतीच. बाकी टोळ्यांचं काय सांगावं? चावी मिळेल, अर्धवट चालेल, किंवा तोच माणूस महिन्याभरानं परत येईल, कारण ज्या दारानं आला ते अजून उघडंच आहे.

आणि गप्प बसणं आता कायद्यालाही मान्य नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत तो कळवायला सांगितलं आहे. लहानांना यातून सूट आहे, असं कोणी म्हणालं तर त्यांना आठवण द्या, की लघुउद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ दिली होती. सूट दिली असती तर मुदतवाढ कशाला लागली असती? जीएसटीच्या कायद्यानं हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याचा नियम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ग्राहकांची माहिती सांभाळण्यात कुचराई केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवली आहे. लहान दुकानाला एवढा दंड होईल, असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं म्हणजे पुन्हा भीती विकणंच. पण ग्राहकाचा फोन नंबर आणि पत्ता ही आता तुमच्याकडे ठेवलेली अमानत आहे, एवढं त्यातून समजून घ्या.

खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तरच हाती लागतात, अर्धा दिवस ‘नाव जाईल का’ याचा विचार करत बसलात तर संपलं. मशीद बंदरच्या शेटना पुरवठादाराच्या नावानं ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असं पत्र आलं होतं. त्यांनी ईमेलला उत्तर न देता डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन केला. खातं बदललेलं नव्हतं. त्या फोनला एक रुपया लागला नाही.

अंधेरीच्या ऑफिसात आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी एका जुन्या, नेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर घरच्या डिस्कवरची कॉपी उघडतात. मालक स्वतः शेजारी बसतात. तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढतात, मूळ मशीनच्या तेरजेशी ताडून पाहतात, शेवटची चार बिलं उघडून बघतात. गेल्या महिन्यात तेरीज जुळली, पण डिलिव्हरी चलनं सापडेनात. डिस्पॅचच्या नव्या मुलानं ती आपल्या मशीनवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली होती आणि ते फोल्डर बॅकअपच्या यादीत नव्हतं. वीस मिनिटांत यादीत घातलं, पुन्हा कॉपी काढली, पुन्हा उघडून पाहिली. मग मालकांनी डिस्क पिशवीत टाकली आणि घरी घेऊन गेले.