सेवा म्हणा, हिशेब टाळा

भक्तीचं चॅनेल काढायचं मनात आहे ना? काढाच. कोल्हापुरात राहून ते न काढणारा माणूस म्हणजे गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन कोरा चहा मागणारा. गावात अंबाबाई, डोंगरावर जोतिबा, पावसाळ्यात नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा, चैत्रात सासनकाठ्या, नवरात्रात त्र्यंबोलीचा कोहळा. माल बारमाही आणि भांडवल शून्य.

यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं. हा आकडा आरशावर चिकटवा, पण बाहेर बोलू नका. विचारलंच कुणी तर "आईची आज्ञा झाली."

थंबनेलवर आईसाहेबांचं मुख कोपऱ्यात, तुमचं मधोमध, दुप्पट मोठं. खाली ओळ: 'मी केवळ निमित्त'.

कपाळाला मळवट, मागे तंबोरा. गाता येत नसलं तरी चालतं.

प्रत्येक व्हिडिओत कमेंटमध्ये 'उदो उदो' लिहायला लावा. देवीपर्यंत जातो की नाही ते तिलाच ठाऊक, अल्गोरिदमपर्यंत नक्की जातो.

अन्नदानासाठी क्यूआर कोड टाका, स्वतःच्या खात्याचा. कोपऱ्यावरचं तालीम मंडळ वर्गणी काढताना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतं, पण ती बिचारी साधी पोरं.

मजकूर मात्र स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी गावात एखादा वाचणारा-लिहिणारा माणूस असतोच. त्याला फोन करा, "सर, तुमच्यासारखं कोण लिहितंय आता!" म्हणा. तो मानधनाचं विचारेल. तेव्हा लगेच उत्तर द्यायचं नाही. थोडं थांबायचं, त्याला ऐकू जाईल असा श्वास सोडायचा, मग दुखावलेल्या आवाजात, "देवीच्या कामाचे पैसे घेणार तुम्ही?" संपलं. माणूस जागीच ओशाळतो. मी ओशाळलो. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात, त्या नोव्हेंबरच्या किरणोत्सवाच्या तोंडावरच अशाच एका चॅनेलवाल्या शेठचा हा फोन आला होता. मी बसून लिहून दिलं: देऊळ पश्चिमाभिमुख का, मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात कशी येतात, पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख. आणि हे ९ ते ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीलाच का? कारण २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो, आणि त्याच्या साधारण चाळीस दिवस आधी व चाळीस दिवसांनंतर तो क्षितिजावर जवळपास एकाच जागी मावळतो. ज्यांनी हातातल्या दगडाशी हे गणित जुळवलं, त्यांच्यापुढे डोकं आपोआप खाली जातं. मला तरी भक्ती म्हणजे तेवढंच कळतं.

व्हिडिओ आला. सुरुवातीला सराफाची पेढी, मध्ये तीन बेडरूमच्या फ्लॅटची योजना, शेवटी अगरबत्ती. यातलं एकही 'जाहिरात आहे' असं सांगितलेलं नाही. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्येच बजावलंय की पैसे किंवा भेटवस्तू घेतली असेल तर प्रेक्षकाला स्पष्ट सांगा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. पण आईचं नाव घेतलं की नियम कुणाला लागतो? ड्रोनवाल्याला भाडं मिळालं, एडिटिंगवाल्या पोराला मिळालं, शूटिंग आटोपल्यावर तांबडा-पांढरा झाला त्या हॉटेलचं बिलही भागलं. सेवा फक्त लिहिणाऱ्याने करायची! संकल्पना, लेखन, निवेदन: तिन्हीपुढे एकच नाव, शेठचं. शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार'. मी अज्ञातांत.

माझं सूर्याचं गणित कापलं. त्या जागी 'शास्त्रज्ञही थक्क'. कुठला शास्त्रज्ञ, कधी थक्क झाला, ते देवीलाच विचारा.

त्याहून वाईट पुढे आहे. त्या संध्याकाळी ढग होते. किरणं कमरेपर्यंत गेली आणि विरली. असं होतं, कधी ढग, कधी धूळ, कधी वाटेतल्या इमारती. गरुड मंडपातले लोक हात जोडून तसेच उभे राहिले, कुणाची श्रद्धा आटली नाही. आणि हा पठ्ठ्या मुखावर किरणं पडलेलं जुनं चित्रण 'आज सायंकाळी, थेट' म्हणून चालवतो! खाली हजारो माणसं उदो उदो लिहिताहेत. त्यात कुणाची तरी अंथरुणाला खिळलेली आई असेल, तिला नातवाने मोबाईल दाखवला असेल. तिने कशाला नमस्कार केला रे?

जाऊ दे सल्ले. आता सरळच बोलतो भावा.

पैसे मिळव. महाद्वाराबाहेर ओटी विकणारी मावशी खण-नारळाचा दर तोंडावर सांगते, म्हणून तिची श्रद्धा पातळ झाली नाही. ताशावाला सुपारी घेऊन वाजवतो आणि वाजवताना रडतोही. नाव हवंय? तेही घे, पायरीवर नाव कोरणारे आपल्याकडे कमी आहेत का? पण स्वतःची कमाई मोजून घ्यायची आणि दुसऱ्याने मागितली की देवी पुढे करायची, ही भक्ती नव्हे, मजुरी बुडवणं आहे. आणि खोटं चित्रण दाखवणं याला गावात जे म्हणतात ते इथे छापता येत नाही.

तो व्हिडिओ काढ. मी बिल पाठवलंय, त्यावर 'आई बघून घेईल' असं उत्तर पाठवू नकोस. तिने माझ्याकडून काही लिहून घेतलेलं नाही. तू घेतलंस. यूपीआय तुझ्या फोनात आहे.