वापरात असलेली इमारत आपोआप टिकत नाही

‘जुनी वास्तू कलामंडळाला दिली की ती वापरात राहते आणि आपोआप टिकते’ हे जुन्या वास्तूंच्या वापराविषयीच्या लेखातील विधान मला पटले नाही. आमच्या गावातील जांभ्या चिऱ्याची जुनी वखार एका कलामंडळाला मिळाली, तेव्हा भिंती स्वच्छ दिसाव्यात म्हणून चुन्याचा गिलावा खरवडून त्यावर सिमेंटचा थर चढवण्यात आला. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर ओल शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर टाकतो. सिमेंटने ती वाट बंद केली आणि दुसऱ्याच श्रावणात भिंतींवर पोपडे धरले. आम्ही टांगलेल्या जलरंगचित्रांच्या मागे बुरशी चढली, त्यांतली काही मुलांनी काढलेली होती, आणि ती टाकून देताना झालेले दुःख मी अजून विसरलेलो नाही.

सावंतवाडीच्या राजवाड्याचा उल्लेख लेखात हवा होता. तिथल्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी लयाला चाललेली गंजिफाकला, म्हणजे खेळण्याचे गोल पत्ते हाताने रंगवण्याची कला, तिथे पुन्हा उभी केली आणि आजही राजवाड्यातच कारागीर गोल पाने रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 पाने असतात. एवढे बारीक काम करणाऱ्याला कोरडी खोली आणि भरपूर उजेड लागतो. म्हणून वास्तू सोपवताना दर वर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याचा, म्हणजे ती काढून फुटकी बदलून पुन्हा बसवण्याचा, आणि चुन्याच्या डागडुजीचा खर्च कोण करणार, हे करारातच लिहिलेले असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.