नीट द्यायची असली तरी अकरावीला गणित सोडू नका

दहावीचा निकाल लागला की आमच्या सिंधुदुर्गात फिजिक्सच्या मास्तराला अचानक भाव येतो. फोनवर प्रश्न एकच. “सर, चेडवाक डॉक्टर करूचा हा. मगे गणित कित्याक व्हया?”

माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते फार कोणाला आवडत नाही. व्हया! म्हणजे हवंच. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो असे चारही घ्या. इंग्रजी आणि एक भाषा धरली की सहा विषय होतात. गणित टाकलंत तर त्या जागी भूगोल किंवा दुसरं काहीतरी घ्यावंच लागतं, मग वाचलं काय? शिवाय नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, पात्रतेत गणिताचे गुण धरतच नाहीत. बोर्डात पास होण्यापुरतं केलं तरी चालतं.

सिंधुदुर्गात २०२१ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, रत्नागिरीत २०२३ साली. फार चांगलं झालं. पण कॉलेज घराजवळ आलं म्हणून सीट घराजवळ आली, असा अनेकांचा समज झालाय. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि लातूरची पोरंही त्याच यादीत असतात. नीटला ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचे. बायो सगळेच घोकतात. माझ्या मते पोरं मागे पडतात ती फिजिक्समध्ये.

आता खरी गोम. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’. त्यात व्हेक्टर आहेत, डेरिव्हेटिव्ह (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते त्याचं माप) आहे, त्याच्या उलट्या क्रियेची म्हणजे इंटिग्रेशनची तोंडओळख आहे. तिसऱ्या धड्यात ते लगेच वापरायचं. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन, म्हणजे हेच डेरिव्हेटिव्ह काढणं, पार्ट टूच्या अगदी शेवटी, लिमिट्स आणि कंटिन्युइटीच्या मागे. म्हणजे ऐन जुलैत, पत्र्यावर पाऊस धडधडत असताना, मी फळ्यावर ‘डीएस बाय डीटी’ लिहितो आणि वर्ग माझ्याकडे बघत बसतो. एकदा एका मुलीने विचारलं, “सर, वरचा डी आणि खालचा डी कट नाय होत?” पोरं हसली. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला. वर आणि खाली सारखं दिसलं की काट मारायची, हे आपणच तिला इतकी वर्षं शिकवलंय. गणित घेतलेल्या मुलीला निदान वर्षअखेरीस याचं नीट उत्तर मिळतं. फक्त बायो घेतलेलीला ते कधीच मिळत नाही. ती सूत्र पाठ करते आणि पुढे जाते.

पुढे बारावीत ऑसिलेशन्स येतं, थर्मोडायनॅमिक्स येतं. आयसोथर्मल प्रक्रियेतलं काम काढायला इंटिग्रेशन लागतं आणि उत्तरात लॉग येतो. केमिस्ट्रीत सुटका होईल म्हणावं, तर तिथेही हाच लॉग घेऊन पीएच आणि केमिकल कायनेटिक्स वाट बघत बसलेले.

म्हणून विषयांइतकाच क्रमही महत्त्वाचा. दहावीच्या परीक्षेनंतर आंबे संपेपर्यंत पोरं मोकळीच असतात. त्या दिवसांत क्लासवाल्यांचा ‘क्रॅश’ काहीबाही नको. त्रिकोणमिती पक्की करा, लॉगचं टेबल हाताळा, आलेख काढा आणि साध्या घातांकाचं डेरिव्हेटिव्ह समजून घ्या. बास. आमच्या कॉलेजात गणिताच्या सरांना मी गळ घातली, तेव्हापासून ते लिमिट्स आणि डिफरन्सिएशन आधी उरकतात. घटक चाचणीचा पोर्शन विस्कटतो म्हणून कुरकुरतात, पण घेतात.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हा समज सीईटीमुळे, म्हणजे इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्याच्या प्रवेशपरीक्षेमुळे, पसरलाय. सीईटीत अकरावीचा भार साधारण २० टक्के, बारावीचा ८०. नीट आणि जेईईत (देशपातळीवरची इंजिनिअरिंगची परीक्षा) अशी कसलीही सवलत नाही.

गणित सोडलेल्यांची दुसरी अडचण आपल्या किनाऱ्यावर हमखास दिसते. नीटचा स्कोअर लागत नाही आणि मग घरातला कोणीतरी काका सुचवतो, “बोटीर धाडूया.” मर्चंट नेव्हीच्या डीएनएसला (जहाजावरच्या डेक अधिकाऱ्याचा डिप्लोमा) किंवा मरीन इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ६० टक्के लागतात. गणितच नसलेल्या मुलाला मी काय सांगणार? इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर यांचीही तीच तऱ्हा. उलट बाजूने, म्हणजे बायो सोडून गणित घेतलेल्यांना, मात्र दार किलकिलं झालंय. बायो जादा विषय म्हणून नंतर पास केलं तरी नीटला बसता येतं, असं मेडिकल कमिशनने २०२३ मध्ये जाहीर केलं.

चारही विषय सगळ्यांनाच झेपतात का? नाही. ज्याला दहावीच्या बीजगणितानेच घाम फोडला आणि नर्सिंगला जायचं पक्कं आहे, त्याने खुशाल बायो घ्यावं. बायफोकल, म्हणजे नेहमीच्या विषयांच्या जागी घ्यायचा व्यावसायिक विषय, त्यातलं इलेक्ट्रॉनिक्सही हाताने काम आवडणाऱ्या पोरांना छान आहे, पण त्याचे २०० गुण दुसरी भाषा आणि एक विषय खाऊन येतात. बहुतेक वेळा तो विषय बायोच असतो, हे फॉर्म भरताना कोणी सांगत नाही.

प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालेत, पसंतीक्रम घरबसल्या भरता येतो. तरी कॉलेजात एकदा जाऊनच या. क्लासशी ‘टायअप’ असलेलं कॉलेज असेल तर प्रॅक्टिकल आठवड्यातून किती वेळा होतं, ते मागच्या वर्षीच्या पोरांना विचारा, ऑफिसात नको. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो प्रत्येकी ३० गुणांचं काम लॅबमध्ये आहे. आणि दुपारचं प्रॅक्टिकल सुटल्यावर तुमच्या गावाची एसटी मिळते का, तेही बघा. शेवटची गाडी चुकेल म्हणून अर्ध्यातून उठून गेलेली बरीच हुशार पोरं मी पाहिलीत.