शाळेच्या आवारात औषध मारलं, पण कुठलं ते कुणाला ठाऊक?

पावसाच्या तोंडावर गोव्यातल्या शाळांत दोन कामं ठरलेली. आवारातलं रान काढायचं आणि औषध मारून घ्यायचं. वरचे वर्ग आता एप्रिलातच भरायला लागले, तरी ही धावपळ अजून जूनचीच आहे. रान काढलेलं सगळ्यांना दिसतं. सरपंच येऊन बघतात, फोटो निघतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठे पडतात. औषध मात्र कधी मारलं, कुणी मारलं, त्यात काय होतं, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत कंपाऊंडच्या कडेने पांढरी पावडर टाकलेली बघितली. त्याच कठड्यावर बसून पोरं मधल्या सुट्टीत पावभाजी खातात. शिपायाला विचारलं, तर तो मोठ्या समाधानाने म्हणाला, ‘वखद मारलां बाई, आतां कांयच ना.’ कसलं वखद? ते कंत्राटदाराला माहीत. कंत्राटदार कोण? ते ऑफिसात माहीत. ऑफिसात बिल होतं आणि बिलावर लिहिलं होतं, ‘पेस्ट कंट्रोल, एक काम’. बस्स.

मी ‘सगळं नैसर्गिक’वाल्यांतली नाही, हे आधीच सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी सुचवणार. आमच्या कुळागरात पाऊस सुरू होण्याआधी पोफळींवर बोर्डो मिश्रण मारतात. नाही मारलं तर कोळेरोगाने सुपारी गळून जाते. पण त्यात मोरचूद आणि चुना आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्या दिवशी पोरांना तिकडे कुणी फिरकू देत नाही. घरच्या बागेत पाळतो ती शिस्त शाळेच्या मैदानावर पाळली जावी, एवढंच माझं म्हणणं. आणि दुसरं, शाळेच्या आवारातल्या निम्म्याहून जास्त तक्रारींवर औषध लागतच नाही. गवंडी लागतो, प्लंबर लागतो आणि झाकण असलेली कचऱ्याची बादली लागते.

डासांचंच घ्या. डेंगीचा एखादा रुग्ण निघाला की पालकांची पहिली मागणी असते धुराची. मशीन आलं, धूर झाला, डिझेलचा वास पसरला की सगळ्यांना बरं वाटतं. धुराने मरतो तो त्या घटकेला उडणारा डास. पाण्यातल्या अळीला त्याचं काही नाही. आठ-दहा दिवसांत नवी पिढी पंख फुटून बाहेर. शिवाय डेंगीचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि पुन्हा दुपार कलल्यावर, म्हणजे नेमका पोरं शाळेत असताना. आपण धूर करतो तिन्हीसांजेला, शाळा रिकामी झाल्यावर. रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपास आरोग्य खातं धूर करतं त्याला कारण आहे. शाळेत दर महिन्याला हौसेने करायचा तो प्रकार नव्हे.

अळी कुठे असते ते बघायला शाळेभोवती एक फेरी पुरते. करवंट्या, टायर तर सगळ्यांना पाठ झालेत. पण गळक्या स्लॅबवर बांधलेल्या ताडपत्रीच्या खोलगट्यात साचलेलं पाणी कुणी बघतं? कुंपणाचे आणि गोलपोस्टचे पोकळ लोखंडी पाइप, ज्यांची वरची तोंडं उघडी आहेत? तोडलेल्या बांबूंचे बुंधे? गच्चीवरच्या टाकीचं वाऱ्याने उडालेलं झाकण? पाण्याच्या कूलरखालची ट्रे? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, साचायला जागा हवी फक्त. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, कड घासावी लागते. हे काम आठवड्यातून एकदा करायचं. शनिवारच्या अर्ध्या शाळेत एका शिक्षकासोबत सातवी-आठवीची पोरं हे आनंदाने करतील. अळी कशी वळवळते ते एकदा बघितलं की घरी जाऊन आजीच्या तुळशीखालची थाळीसुद्धा उपडी करतील.

जे पाणी ओतता येत नाही, जुनी विहीर, बांधकामाची टाकी, त्याचा उपाय तर गोव्यातच करून बघितलेला आहे. नव्वदच्या दशकात बांधकामांच्या पाण्यात आणि टाक्यांत मलेरियाचा शहरी डास वाढत होता, तेव्हा शास्त्रज्ञांनी इथे बीटीआय हा जिवाणू आणि अ‍ॅप्लोकायलस ब्लोकी हा आपल्याच पाण्यात सापडणारा इवलासा मासा, दोन्ही वापरून चाचण्या केल्या. बीटीआय डासांच्या अळ्यांच्या पोटात जाऊन त्यांना मारतो, माणसाला आणि माशांना त्याची बाधा नाही. गोव्यातच सिद्ध झालेली गोष्ट सोडून आपण डिझेलच्या धुरावर टाळ्या वाजवतो, याला काय म्हणावं?

आता साप. पालकसभेत साप हा शब्द निघाला की चर्चा संपते आणि पावडर सुरू होते. कुणी ‘गॅमेक्सिन’ म्हणतं, कुणी कार्बोलिक, कुणी फिनेल. गॅमेक्सिन म्हणजे लिंडेन. त्याचा वापर देशात २०१३ पासून बंद आहे, नाव मात्र लोकांच्या तोंडी तसंच राहिलंय, आणि त्या नावाखाली आज पुडीत काय मिळतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. कार्बोलिकने साप येत नाही ही समजूत. साप येतो उंदरामागे आणि बेडकामागे. उंदीर येतो पावाच्या तुकड्यांमागे. माध्यान्ह आहाराची भांडी परत गेल्यावर उरलेली पावभाजी उघड्या बादलीत किंवा सरळ कंपाऊंडपलीकडे जाते. हे जोवर चालू आहे तोवर कितीही पावडर शिंपडा, घोणस तुमच्या गडग्यात राहणारच.

आणि आपले गडगे! चिऱ्यावर चिरा ठेवलेला, मध्ये फटी. घरउंदराला करंगळीएवढं भोक पुरतं. साप स्वतः बीळ खणत बसत नाही, उंदराच्या तयार घरात शिरतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळात वायनाडमधल्या सुलतान बथेरीला पाचवीतल्या मुलीला वर्गातच साप चावला, जमिनीतल्या भोकातून आला होता. ती वाचली नाही, इस्पितळात न्यायला उशीर झाला. त्या बातमीनंतर केरळात शाळाशाळांतली भोकं बुजवायचे आदेश निघाले. मुलगी गेल्यावर. एक पोतं सिमेंट आणि गवंड्याची एक दिवसाची मजुरी, हा आपल्या पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) स्नेहसंमेलनातल्या समोशांच्या खर्चाहून कमी खर्च आहे. चावलाच, तर पाय न हलवता पोराला आडवं ठेवायचं, काही बांधायचं नाही, कापायचं नाही, १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठायचं. हे प्रत्येक शिक्षकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. आणि धामण दिसली तर मारू नका हो. ती फुकटात उंदीर मारते.

वाळवीचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त भीतीचं वाटतं, कारण ते जमिनीत जातं. वाळवीसाठी आपल्याकडे पायाभोवती भोकं पाडून क्लोरपायरीफॉस ओततात. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो या चिंतेपोटी युरोपने २०२० मध्ये ते बंद केलं. २०२५ मध्ये स्टॉकहोम करारातल्या देशांनी ते संपवायच्या रसायनांच्या यादीत घातलं, काही सवलती ठेवून. आपल्या जमिनीखाली चिरा आहे. चिऱ्याला छिद्रं असतात, पाणी त्यातून पाझरतं, आणि शाळेची विहीर बहुतेक वेळा इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. मुसळधार पावसाच्या आठवड्यात हे ओतणाऱ्याने विहीर कुठे आहे ते बघितलं होतं का? वाळवी ओल्या भिंतीला लागते. छताची गळती आणि भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी बाकं, यांचं आधी बघा.

तणनाशक त्याचाच भाऊ. ग्रास कटरवाला मिळत नाही म्हणून पंपाने फवारून मोकळं व्हायचं, ही नवीन फॅशन. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोलचा परवाना असलेल्यांमार्फतच वापरावं अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. शाळेच्या मैदानावर शिपायाच्या पाठीला पंप बांधणं त्यात कुठे बसतं, ते मुख्याध्यापकांनी सांगावं.

हुमल्यांच्या, म्हणजे तांबड्या मुंग्यांच्या, बाबतीत मात्र मी पोरांच्या विरुद्ध आणि हुमल्यांच्या बाजूने आहे. आंब्यावर पानं शिवून घरटी करणारे तांबडे हुमले चावतात, झोंबतात, मान्य. पण काजूला छळणारा ढेकण्या हेच हुमले खातात. खाली लोंबणारी फांदी छाटा, झाडाभोवती दोरी बांधा, पोरांना चढू नका म्हणून सांगा. झाडावर विष मारायचं कारण नाही. आग्या मोहोळ वर्गाच्या छज्जाला लागलं तर गोष्ट वेगळी. तिथे पोरांना आत ठेवून जाणकार माणूसच बोलवायचा, रात्री पेटता पलिता घेऊन गावातल्या धाडसी तरुणांनी जायचं नाही. (भटक्या कुत्र्यांच्या विषयात मी आज शिरत नाही, ती एक स्वतंत्र पोस्ट आणि स्वतंत्र भांडण आहे.)

सत्तरी तालुक्यातल्यांना एक वेगळी गोष्ट सांगायला नको, तरी सांगते. माकडताप गोव्यात पहिल्यांदा दिसला तो २०१५ मध्ये, सत्तरीतल्या पाली गावात. तो गोचिडीतून येतो, आणि काजूच्या हंगामात पानगळीत हात घालणाऱ्यांना त्याचा धोका सगळ्यांत जास्त. ज्या शाळांचं मैदान काजूच्या भाटाला लागून आहे तिथे मैदानाची कड साफ ठेवणं, गुरं आवारात चरायला न सोडणं आणि मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, हे कुठल्याही फवारणीपेक्षा मोलाचं.

मग औषध कधीच नको का? हवं, कधीकधी हवंच. पण मारायचं तर सुट्टीत, पोरं नसताना, पाऊस पडत नसताना, आणि मारणाऱ्याकडे परवाना असताना. डब्यावर तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यातला रंग बघायचा: तांबडा सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. तांबडा आणि पिवळा शाळेच्या फाटकातून आत येताच कामा नये. उरलेलं औषध कंत्राटदाराने सोबत न्यायचं. स्टोअररूममध्ये खेळाच्या सामानाशेजारी डबा ठेवायचा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं गेली, स्वयंपाकाचं तेल मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलेलं होतं. त्या दिवशी कुणी फवारणी केली नव्हती. एक रिकामा डबा पुरला.

आणि सगळ्यांत स्वस्त गोष्ट म्हणजे नोटीस. कॅलिफोर्नियात २००० सालापासून कायदा आहे: शाळेत कीटकनाशक मारायच्या २४ तास आधी तिथे पाटी लावायची आणि मारल्यावर ७२ तास ती काढायची नाही. वर्षात काय काय वापरणार ते पालकांना आधी लेखी कळवायचं. आपल्याकडे पिकनिकच्या पंचवीस रुपयांसाठी डायरीत सही मागतात. दम्याचं पोर असलेल्या आईला मात्र फवारणीचं कळतं ते वर्गातल्या वासावरून.

तर येत्या पीटीएच्या सभेत मी एक वही मागणार आहे. साधी, रेघांची. तारीख, कुठे मारलं, कशासाठी, औषधाचं नाव, डब्यावरचा रंग, परवाना क्रमांक, मुख्याध्यापकांची सही. आणि मारायच्या आदल्या दिवशी ग्रुपवर एक मेसेज. खर्च शून्य, म्हणून पैसे नाहीत हे उत्तर चालणार नाही. गवंड्याचं काम पंचायतीकडे आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्जाने मागणार, गडग्याचे आणि ताडपत्रीचे फोटो जोडून.

तुमच्या शाळेत अशी वही आधीच असेल तर एका पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका, नावं आणि नंबर झाकून. नमुना समोर ठेवला की सभेत वाद कमी होतो. आणि तुमच्याकडच्या कंत्राटदाराने विचारल्यावर औषधाचं नाव सांगितलं की नाही, तेही लिहा.