एकच मालक, कमी रनिंग, सीएनजी: तरी डोळे उघडेच ठेवा

"सिंगल ओनर, 50 हजार किलोमीटरच्या आत रनिंग आणि सीएनजी असेल तर मारुतीची जुनी ओम्नी किंवा ईको व्हॅन डोळे झाकून घ्या." नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला तीन ठिकाणी गंडतो.

आधी रनिंग. मीटर मागे घेता येतं. 40 हजार दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर काय ते समजून घ्या. आणि आकडा खरा असला तरी काय? शाळेची मुलं नेणारी व्हॅन फिरते थोडी, पण गल्लोगल्ली थांबते. क्लच, स्टार्टर, सरकत्या दाराचे रोलर झिजतात. हँडब्रेक ओढून, चौथ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर क्लचप्लेट संपलीय. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो वाहिलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. 20 किलोचे तीस क्रेट म्हणजे 600 किलो, हा भार मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा, सोसतो. साठच्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून घूंऽऽ आवाज आला की खर्च धरा.

सीएनजीचं कौतुक जरा जास्तच होतं. आरसीवर सीएनजीची नोंद आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी), दोन्ही बघा. मालकाला आधीच बजावा, गाडी तापवून ठेवू नका. सकाळी गार इंजिन पेट्रोलवर सुरू करा. कायम गॅसवर पळवलेल्या गाडीचा पेट्रोल पंप इथेच उघडा पडतो. दोन्ही गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून सीट उचलायला लावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर लगेच घाबरू नका, थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही तो येतो. पण कूलंटवरही, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावरही, तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट (तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेलंय, सौदा सोडा.

एक मालक म्हणजे गाडी पुरात नव्हती, असं थोडंच आहे? 2019 ला सायखेडा-चांदोरीत गोदावरीचं पाणी शिरलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ सापडते. सीटच्या रुळांवरचा गंजही बघा.

ओम्नी 2019 ला बंद झाली, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच गाड्यांची 15 वर्षांची नोंदणी संपत आलीय. पुढच्या पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर खरेदीदाराच्याच माथी येतो. सिल्वासा-दमण पासिंगची स्वस्त वाटली, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स यांचा खर्च धरूनच भाव करा.